कोर्टाच्या पायरीअलीकडची माणसे

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात पश्चिमेकडे उमापूर आहे. तिथल्या शेतकऱ्याला तहसील आणि दिवाणी न्यायालयासाठी गेवराईला जावे लागते, जिल्हा न्यायालय आणि जिल्हाधिकारी कचेरीसाठी बीडला, आणि प्रकरण त्याहून वर गेले तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी छत्रपती संभाजीनगरला. सनद असलेला वकील त्याला या तीन ठिकाणी भेटतो. अशा गावात आणि तहसीलच्या आवारात भेटतात ती दुसरीच माणसे. बाँडवर मजकूर लिहून देणारा, ऑनलाइन अर्ज भरणारा सेवा केंद्रचालक, माहिती अधिकारात मुरलेले निवृत्त गुरुजी, तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष, ऊसतोड कामगारांच्या संघटनेचा कार्यकर्ता, बचत गटातून कायद्याचे शिबिर करून आलेली ताई आणि तालुका विधी सेवा समितीचे ओळखपत्र गळ्यात असलेला विधी स्वयंसेवक.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. खेड्यातले बहुतेक तंटे त्या पायरीपर्यंत जातच नाहीत. ते अलीकडेच, कुणाच्या तरी सल्ल्याने मिटतात, मुरतात किंवा कायमचे बिघडतात. वकिलाने दगा दिला तर तक्रारीला बार कौन्सिल आहे. तलाठ्याने घोळ घातला तर वर तहसीलदार आहे. या मधल्या माणसांच्या वर कोण आहे? त्यांना परवाना लावावा, त्यांची नोंदणी करावी, की त्यांना मोकळे सोडावे? या प्रश्नाला आपल्या कायद्याने एकदाच, एका जागी उत्तर दिलेले नाही. वेगवेगळ्या कायद्यांत, वेगवेगळ्या काळी त्याची अर्धीमुर्धी उत्तरे आली आहेत. ती एकत्र मांडून पाहिली की वाट दिसू लागते.

गावात लागतो तो कायदा

गावातल्या माणसाला रोज लागणारा कायदा खून-दरोड्याचा नसतो. वारस नोंद, फेरफारावरचा आक्षेप, शेतरस्ता, निराधार योजनेचा अडलेला पगार, नाकारलेला पीकविमा, माहेरी येऊन बसलेल्या मुलीची पोटगी. यातली बरीच कामे कचेरीत होतात आणि तिथे मुदतीला फार किंमत असते. मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केलेला फेरफार चुकीचा वाटला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे अपिलाला ६० दिवस मिळतात. ‘आधी तलाठ्याला भेटून बघू’ असे सांगत सल्लागाराने ते दिवस घालवले, की उशीर माफ करून घ्यायला वेगळा अर्ज, त्यासाठी वकील आणि वकिलासाठी पैसा.

बीडचा दुसरा मोठा विषय उसाचा. दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि त्या कोयत्यावर मुकादमाची उचल. हंगामात उचल फिटली नाही की कोऱ्या बाँडवर घेतलेली सही बाहेर येते, फसवणुकीच्या तक्रारीची धमकी येते, कधी माणूस डांबून ठेवला जातो. उचल देऊन माणसाला कामाला जखडणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो आणि त्याच कायद्यात जिल्हा पातळीवर दक्षता समिती आहे, हे फडावरच्या मजुराला कोण सांगणार? त्याचा फोन गावातल्या ओळखीच्या कार्यकर्त्याला जातो.

हा सल्ला चुकला तर काय होते, तेही कागदावर दिसते. नोटरीपुढे केलेली सोडचिठ्ठी हे त्याचे नेहमीचे उदाहरण. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट न्यायालय देते. रूढीचा अपवाद आहे, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. बाँडवरच्या सोडचिठ्ठीच्या भरवशावर दुसरे लग्न केले की पहिली बायको कायद्याने बायकोच राहते आणि दुसरीला कायदेशीर बायकोचा दर्जा मिळत नाही. तसेच गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या ‘नोटरी खरेदी’चे. नोंदणी नसलेल्या त्या कागदाने मालकी मिळत नाही आणि सातबाऱ्यावर नावही लागत नाही. तसेच बहिणींच्या हक्कसोडपत्राचे. महाराष्ट्राने वडिलार्जित मिळकतीत मुलींना १९९४ मध्येच समान वाटा दिला, केंद्राने २००५ मध्ये. तरी सही घेण्यापूर्वी हे बहिणीला सांगणे कागद करणाऱ्याला आपले काम वाटत नाही.

छोट्या रकमाही बघाव्यात. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचे मुद्रांक शुल्क राज्य सरकारने २००४ मध्येच माफ केले. तरी लोक बाँड विकत घेत राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा आला, तेव्हा न लागणाऱ्या कागदाचा भुर्दंड पाचपट झाला. साध्या कागदावर चालते हे माहीत असलेला एक माणूस तहसीलच्या दाराशी बसला तर दिवसाला किती घरांचे पाचशे रुपये वाचतील, याचा हिशेब अवघड नाही.

म्हणजे वकील नसलेल्याचा सल्ला गावाला लागतोच, आणि त्यातून नुकसानही होऊ शकते. नियमनाचा विचार या दोन्ही गोष्टी धरून करावा लागतो.

दीडशे वर्षांचा मागोवा

आपल्या मुलखाने हा प्रश्न पूर्वी हाताळला आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त हिसकावून जाळले आणि ते लोण नगरकडेही पसरले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने सलोखा करणारे पंच नेमले, गावपातळीवरचे मुन्सफ नेमले आणि अशा छोट्या दाव्यांतून वकिलांना बाजूला ठेवले. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गाव-निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा, अशीही तरतूद केली. कायद्याचा रोख माणसापेक्षा कागदावर अधिक होता. कोण सल्ला देतो यापेक्षा, ज्या दस्ताने शेतकरी बांधला जाणार तो त्याला समजावून लिहिला गेला का, हे तो बघत होता. त्याच दशकात पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांच्या पुढाकाराने, लवाद कोर्टे काढून लोकांचे तंटे सरकारी न्यायालयाबाहेर सोडवण्याचा प्रयोग केला. शेजारचा नगर जिल्हा या कायद्याखाली होता. उमापूर निजामाच्या राज्यात असल्याने ही व्यवस्था शिवेपलीकडे राहिली.

स्वातंत्र्यानंतर विचार वकिलाकडे वळला. १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली कायदेविषयक मदत आणि सल्ला यांवर समिती नेमली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आले आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य झाले. महाराष्ट्राने १९७९ मध्ये स्वतःची योजना केली. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांविषयी लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने अटकेतल्या माणसाला विधी साहाय्य पोचवण्याचे आदेश दिले. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला. अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. या सगळ्या प्रवासात मदत म्हणजे ‘वकील देणे’ हा अर्थ पक्का झाला. वकिलाआधीचा माणूस योजनेत आला तो उशिरा, २००९ मध्ये.

बीडचा स्वतःचा धडा

सरकारी योजनेच्या कितीतरी आधी बीडमध्ये वकील नसलेले कायदेसाथी तयार झाले होते. जिल्ह्यातल्याच दुकडेगावचे एकनाथ आवाड (१९५६ ते २०१५) यांच्या मानवी हक्क अभियानाने मराठवाड्यात दोन आघाड्यांवर काम केले: अत्याचारांची प्रकरणे आणि गायरान जमिनी. गायरानाचा लढा हा कागदांचा लढा होता. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. पण ताबा त्या तारखेपूर्वीचा होता हे दाखवायचे कशाने? गाव नमुना १-ई मधली अतिक्रमणाची नोंद, दंडाच्या पावत्या, पंचनामे, शेजाऱ्यांचे जबाब. हे गोळा करायला आधी तो नमुना असतो हे माहीत असावे लागते, तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात आणि ‘नोंद नाही’ म्हटल्यावर ते लेखी मागावे लागते. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी हे शिकून घेतले. तालुक्याचा वकील एवढ्या छोट्या, बिनपैशाच्या आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामाला एरवी हात लावत नाही.

हा धडा नियमनाच्या चर्चेत महत्त्वाचा आहे. इथे कार्यकर्ता ज्यांच्याविरुद्ध अर्ज लिहीत होता ते तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि गावातले वजनदार लोक होते. त्याला परवाना देण्या-काढण्याचा अधिकार याच मंडळींकडे असता, तर ही चळवळ किती दिवस चालली असती?

दुसऱ्या बाजूने, गावाच्या हाती सलोखा सोपवण्याचे धोकेही महाराष्ट्राने पाहिले आहेत. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांध, रस्ता, भाऊबंदकी यांचे कितीतरी तंटे त्यात सुटले. पण गावाला बक्षीस तंटे मिटवल्याबद्दल होते आणि जिथे मिटवण्याला बक्षीस असते, तिथे कोणता तंटा मिटवू नये हे सांगणारे कुणीतरी लागते. मारहाण सोसणाऱ्या सुनेला ‘समजावून’ परत पाठवणे हाही हिशेबात मिटलेला तंटाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. अशा ठिकाणी गावाचे एकमत मुलीच्या बाजूने असेलच असे नाही. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ चा स्वतंत्र कायदा करावा लागला, तो याच अनुभवातून. म्हणून गावातला कायदेसाथी गावाचा असावा, पण गावाच्या मर्जीवर नसावा.

पुढचे दार बंद, बाजूची दारे उघडी

आजचा कायदा पाहू. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम २९ प्रमाणे वकिलीचा व्यवसाय सनदधारकांनीच करायचा. कलम ४५ प्रमाणे अधिकार नसताना न्यायालयापुढे किंवा प्राधिकरणापुढे वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद. २०१८ मध्ये परदेशी वकील कंपन्यांच्या ए. के. बालाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सल्ला देणे आणि मसुदे करणे हेही वकिलीतच येते. निकाल बड्या कंपन्यांचा होता. त्यातली व्याख्या अक्षरशः लावली तर माहिती अधिकाराच्या अपिलाचा मसुदा करून देणारे गुरुजीही तिच्या आसपास येतात.

पण याच व्यवस्थेने ठिकठिकाणी सनद नसलेल्यांना आत घेतले आहे. अधिवक्ता कायद्याचेच कलम ३२ न्यायालयाला एखाद्या प्रकरणापुरती कुणालाही बोलण्याची परवानगी देऊ देते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराची बाजू संघटनेच्या पदाधिकाऱ्याला मांडू दिली आणि उलट वकिलावरच बंधने घातली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १० खाली स्वयंसेवी संस्था ‘सेवा पुरवठादार’ म्हणून नोंदवता येते. संस्थेला या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. त्या बदल्यात सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल तिच्यावर दावा लावता येत नाही. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून अंमलात आलेल्या कलम १५-अ ने पीडितांना स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्कच दिला. पोलीस ठाण्यातही हे घडले आहे: टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत १९८४ मध्ये सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्यभर पसरला. तिथे बसतात त्या समाजकार्यकर्त्या.

सर्वांत बोलके उदाहरण ग्राहक न्यायालयांचे, आणि तेही मुंबईतून निघालेले. वकील नसलेला प्रतिनिधी ग्राहक मंचापुढे उभा राहू शकतो का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. सी. व्यंकटाचलम प्रकरणात २०११ मध्ये निकाल लागला: राहू शकतो, पण अशा प्रतिनिधींची पात्रता आणि वागणूक यांचे नियम करा. त्यानुसार २०१४ मध्ये नियमावली आली. दार उघडे ठेवून उंबऱ्यावर नियम लिहिण्याचा हा प्रयोग होता.

विधी स्वयंसेवकांची योजना ही या मालिकेतली सरकारी पायरी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये ती आणली आणि २०११ मध्ये गावपातळीवरच्या विधी सेवा केंद्रांची नियमावली केली. शिक्षक, अंगणवाडी ताई, बचत गटातल्या स्त्रिया, कायद्याचे विद्यार्थी, अगदी शिकलेले जन्मठेपेचे कैदीही यात येऊ शकतात. प्रशिक्षण होते, ओळखपत्र मिळते, कामाच्या दिवसाचे मानधन मिळते, अहवाल द्यावा लागतो. गैरवर्तन केले किंवा राजकीय पक्षाचे सक्रिय काम केले तर नाव निघते. २०१७ पासून टेली-लॉ योजनेत सेवा केंद्रातून दूरच्या वकिलाशी बोलायची सोय झाली. चित्र कागदावर नीट आहे. पण इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या आवृत्तीनुसार २०१९ ते २०२४ या काळात देशातल्या अशा स्वयंसेवकांची संख्या एक तृतीयांशाहून अधिक घटली. नियम वाढले आणि माणसे कमी झाली, असा हा प्रवास आहे.

उरले दलाल. वकिलाला मोबदल्यावर गिऱ्हाईक आणून देणाऱ्यांचा बंदोबस्त १८७९ च्याच दुसऱ्या, वकिलांविषयीच्या कायद्यात होता. २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिवक्ता कायद्यात कलम ४५-अ म्हणून आला. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आदींनी दलालांची यादी करायची, त्याआधी त्या माणसाचे म्हणणे ऐकायचे, आणि यादीतल्याने तरीही दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. व्याख्या दलालीपुरती मर्यादित आहे, हे बरे आहे. तरी गायरानाच्या अर्जांनी बेजार झालेल्या कचेरीच्या हातात ही यादी आहे, हे विसरून चालणार नाही.

काय सुटून जाते

या सगळ्या तरतुदींच्या फटीतून तीन गोष्टी निसटतात. पहिली, गुप्तता. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट वकिलाला उघड करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यातले हे संरक्षण १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आले. ते वकील आणि त्याच्या हाताखालच्यांना मिळते. बचत गटातल्या ताईला एखादी बाई जे रडत सांगते, त्याला हे कवच नाही. उद्या समन्स आले तर ताईला ते सांगावे लागू शकते.

दुसरी, भरपाई. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असे ठरवले. त्यांच्यासाठी बार कौन्सिल आहे. पैसे घेऊन अर्ज करून देणाऱ्या एजंटाची सेवा मात्र त्या कायद्यातल्या व्याख्येत बसवण्यासारखी आहे, कारण तिथे मोबदला दिलेला असतो. मोफत सल्ला त्या व्याख्येबाहेर. म्हणजे ज्याच्याविरुद्ध दाद मागता येऊ शकते तो एजंट पावती देत नाही, आणि पावतीशिवाय दाद पुढे जात नाही.

तिसरी, सातत्य. शिबिरात शिकलेली ताई दोन वर्षांनी शहरात जाते, प्रकल्पाचा निधी संपला की संस्थेचे केंद्र बंद होते. अर्धवट राहिलेले अपील कुणाकडे, याचे उत्तर कोणत्याच नियमावलीत नाही.

बाहेरचे पाच मार्ग

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात वस्त्यावस्त्यांत सल्ला कार्यालये उभी राहिली. तिथल्या २०१४ च्या वकिली कायद्याने ही कार्यालये आणि कायदेसाथी यांना थेट आत घेतले नाही. त्यांच्या मान्यतेचा अभ्यास करून शिफारस करण्याचे काम वकिलांच्या परिषदेवर सोपवले. प्रश्न लांबणीवर टाकण्याची ही सभ्य पद्धत म्हणता येईल. सिएरा लिओनने २०१२ च्या विधी साहाय्य कायद्यात कायदेसाथीला व्यवस्थेचाच भाग केले. त्यामागे तिथल्या संस्थांचा दशकभराचा अनुभव होता. केनियाने २०१६ च्या कायद्यात मान्यताप्राप्त कायदेसाथींची तरतूद केली. कॅनडातल्या ओंटारिओने २००७ पासून त्यांना वकिलांच्याच संस्थेचा परवाना, परीक्षा आणि विमा लावला. पण तिथले परवानाधारक फी घेऊन व्यवसाय करतात. गावच्या कार्यकर्त्याशी त्यांची तुलना होत नाही.

आपल्याला सर्वांत उपयोगी पडेल तो इंग्लंडचा विचार. तिथे २००७ च्या कायद्याने न्यायालयात बोलणे, दावा चालवणे, मालमत्तेचे काही दस्त करणे अशी सहा कामे राखीव ठेवली. साधा कायदेशीर सल्ला त्यात नाही. तो कुणीही देऊ शकतो. स्थलांतरितांची फसवणूक वाढली तेव्हा त्या एका क्षेत्रापुरती १९९९ मध्ये वेगळी नोंदणी आणली. जिथे धोका मोठा तिथे नियम कडक, बाकी मोकळे. आपल्याकडे १८७९ चा गाव-निबंधकही याच न्यायाने दस्तावर नजर ठेवत होता.

मग नियम कसे असावेत?

वकिलांच्या संघटनांचे म्हणणे खोटे नाही: अर्धवट ज्ञानाने माणसे बुडतात आणि समाजसेवेच्या नावाखाली दलाली चालते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने चर्चेला ठेवलेला अधिवक्ता कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा वकिलांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. त्या निमित्ताने व्यवसायाच्या सीमांवर पुष्कळ बोलले गेले. गावातल्या सल्ल्याचा विषय मात्र चर्चेत फारसा आला नाही. संस्थांचेही म्हणणे खरे आहे: परवाना आला की परीक्षा येते, फी येते, नूतनीकरण येते; आणि बाँडवाला हे सगळे पुरे करील, बचत गटातली ताई करणार नाही.

परवाना माणसाला लावायचा असे धरले की हा वाद सुटत नाही. तो पैसा, कागद आणि कार्यालय यांना लावला तर बराचसा सुटतो. कायद्याची माहिती सांगणे, अर्ज कसा करायचा हे दाखवणे, कचेरीत सोबत जाणे या गोष्टी सर्वांना मोकळ्या असाव्यात, आणि कलम ४५ त्यांना लागत नाही असा खुलासा व्हावा.

पैसा आला की नियम आला. जो कुणी मोबदला घेतो त्याने दर फळ्यावर लिहावेत आणि पावती द्यावी. भूसंपादनाचा मावेजा, अपघाताची भरपाई, विम्याची रक्कम यांत टक्केवारी ठरवायला पूर्ण बंदी असावी. निकालावर अवलंबून असलेली फी बार कौन्सिलचे नियम वकिलालाही घेऊ देत नाहीत. एजंटाला ती मोकळीक का?

कागदावर लिहिणाऱ्याचे नाव हवे. जुन्या दस्तांच्या शेवटी ‘बिकलम’ म्हणून लेखकाचे नाव येत असे. आज संगणकावरून निघालेल्या अर्जाला आणि बाँडला लेखकच नसतो. नाव आणि संपर्क लिहिणे सक्तीचे केले तर चुकीच्या सोडचिठ्ठ्या कोण विकतो हे शोधायला तपास लागणार नाही.

नोंदणी कार्यालयाची व्हावी, माणसांची नको. गावातले सल्ला केंद्र एखाद्या वकिलाच्या देखरेखीशी जोडले तर कलम १३२ चे संरक्षण त्याच्या हाताखालच्यांनाही मिळण्याची वाट खुली होते. केंद्राने प्रकरणाची नोंदवही ठेवावी, मुदतीची तारीख लाल शाईने लिहावी, आणि केंद्र बंद झाले तर प्रकरणे तालुका विधी सेवा समितीकडे जावीत. बलात्कार, बालविवाह, जातीय अत्याचार आणि जिवाला धोका असलेला कौटुंबिक हिंसाचार या चार गोष्टींत केंद्राने मांडवली करायची नाही, वकील आणि पोलीस यांच्याकडेच पोचवायचे, ही अट नोंदणीच्या पहिल्या ओळीत असावी.

नियमन कोणी करायचे, हा शेवटचा आणि सर्वांत नाजूक प्रश्न. महसूल खाते आणि पोलीस यांच्याकडे ते काम नको. गावचे निम्मे अर्ज त्यांच्याचविरुद्ध असतात. धर्मादाय आयुक्त संस्थेचे हिशेब पाहतात, सल्ल्याचा दर्जा पाहू शकत नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण त्यातल्या त्यात योग्य, कारण त्याचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. पण तेही एकट्याने नको. वकील संघाचा एक, काम करणाऱ्या संस्थांचे दोन आणि सेवा घेतलेल्या स्त्री-पुरुषांतून दोन, अशी छोटी समिती तक्रारी ऐकेल. नाव काढायचे तर लेखी कारण देईल.

यातल्या बऱ्याच गोष्टींना संसदेची वाट पाहावी लागत नाही. फळा, पावती, नोंदवही, मनाई असलेल्या चार गोष्टींची यादी आणि तक्रारीसाठी १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक, एवढे बीडचे प्राधिकरण आजच्या अधिकारात स्वतःच्या केंद्रांपुरते करू शकते, आणि इतर संस्थांना त्यात स्वेच्छेने यायला सांगू शकते. गुप्ततेचे पूर्ण संरक्षण आणि कलम ४५ चा खुलासा यांना मात्र कायदाच बदलावा लागेल. खर्चाचाही विचार हवा: मानधन वेळेवर मिळाले नाही तर स्वयंसेवकांची यादी आणखी आक्रसेल आणि तिची जागा बाँडवाला घेईल.

कोणताही मसुदा पुढे आला की त्याला एकच कसोटी लावावी. त्या नियमाची भीती कोणाला वाटते? आज कलम ४५ चे नाव काढले की चार अर्ज फुकट लिहून देणारे गुरुजी दबकतात आणि सोडचिठ्ठीचे बाँड विकणारा निर्धास्त असतो. हे उलटे करील तो नियम उमापूरच्या कामाचा.